चुकीच्या कारणांचा मुलूख : व्हेनिस, पाडुआ, व्हेरोना

शुक्रवार, व्हेनिस

इटलीला जाऊन रोम नाही, फ्लॉरेन्स नाही, पिसाचा कलता मनोरासुद्धा नाही, असं सांगितलं की लोक कीव केल्यासारखे बघतात. मी सांगलीत पॅथॉलॉजीची लॅब चालवते, ताई कोल्हापुरात वैद्य आहे. आम्हाला बघायचं होतं ते जरा वेगळंच. माणूस आजारी का पडतो, या प्रश्नावर युरोपने जेवढं डोकं फोडलं त्यातलं पुष्कळसं व्हेनिसपासून व्हेरोनापर्यंतच्या साधारण सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात घडलंय. दूषित हवा, शरीरातले चार द्रव, रोगाची बीजं, ग्रहांची युती. यातलं बहुतेक सगळं पुढे खोटं ठरलं. पण त्याच समजुतींच्या जोरावर बंदरात, दवाखान्यात आणि प्रयोगशाळेत जी शिस्त आली, ती आम्ही दोघी रोज वापरतो. हे कसं काय झालं ते जागेवर जाऊन बघायचं, एवढाच बेत.

विमान दुपारी उतरलं. खोलीवर सामान टाकून बरोबर आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि मोठ्या कालव्याच्या तोंडाशी असलेलं सांता मारिया देल्ला सालुते हे चर्च गाठलं. १६३०-३१ च्या प्लेगमध्ये व्हेनिस शहरात सुमारे ४६,००० माणसं गेली. साथ हटली तर मेरीमातेचं देऊळ बांधू, असा नवस खुद्द सरकारने बोलला होता. तो फेडायला पन्नासहून अधिक वर्षं लागली. काम १६८७ मध्ये पुरं झालं.

मुख्य वेदीवर संगमरवरी देखावा आहे. मध्ये मेरी, एका बाजूला गुडघे टेकलेली व्हेनिस नगरी आणि दुसऱ्या बाजूला प्लेग. प्लेग म्हणजे एक जख्खड म्हातारी. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, केस पिंजारलेले, तोंड वासलेलं, आणि एक गुबगुबीत पंखवालं बाळ पेटती मशाल घेऊन तिला हुसकावतंय. ताई बराच वेळ तिथून हलेना.

"आपल्याकडे मरीआईला साडीचोळी करतात, नैवेद्य दाखवतात, गाड्यावर बसवून शिवेबाहेर नेऊन सोडतात. यांनी बिचारीला चक्क मशालीने हाकललंय."

"शेवटी शिवेबाहेरच ना?"

"हो गं, पण पाठवण्यात फरक आहे."

शनिवार, लाझारेत्तो नुओवो

हे बेट फक्त ठरावीक महिन्यांत आणि शनिवार-रविवारीच बघता येतं, म्हणून सगळ्या प्रवासाची आखणी या एका दिवसाभोवती केली होती. फोंदामेंते नोव्हे या धक्क्यावरून १३ नंबरची बोट घ्यायची आणि बोटवाल्याला आधी सांगून ठेवायचं, नाहीतर ती न थांबता पुढे जाते. उतरणारे आम्ही आणि एक जर्मन जोडपं, बस्स. चहूकडे दलदल, बेटाभोवती उंच भिंत, आणि डास. डासांबद्दल कुणीच आधी सांगत नाही.

प्लेगच्या भीतीने जहाजं अडवून ठेवायचा पहिला कायदा व्हेनिसचा नव्हे. तो एड्रियाटिकच्या पलीकडच्या किनाऱ्यावरच्या रागुसा गावाने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ मध्ये केला. तिथे मुदत तीस दिवसांची होती. व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचं रुग्णालय काढलं, आणि १४६८ मध्ये हे दुसरं बेट संशयितांसाठी राखून ठेवलं. रोगी तिकडे, संशयित इकडे. कोविडमध्ये आम्ही वॉर्ड आणि क्वारंटाइन सेंटर वेगळं करण्यावरून किती भांडलो होतो, ते आठवलं.

व्हेनिसने मुदत चाळीस दिवसांची ठेवली. चाळीसच का? हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत तीव्र आजाराचा निकाल चाळीस दिवसांच्या आत लागतो असं मानत. शिवाय येशूचे रानातले चाळीस दिवसही होतेच. प्लेगची लक्षणं दिसायला खरं तर दोन ते सहा दिवस पुरतात. म्हणजे आकडा आला ग्रंथातून आणि श्रद्धेतून, पण गरजेपेक्षा मोठा असल्यामुळे चालून गेला. छोटा आकडा ग्रंथात असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात दिवसभर होता.

बेटाच्या मधोमध तेझोन ग्रांदे नावाची शंभर मीटरहून लांब कोठी आहे. वर तुळया, खाली मातीची जमीन, आत शिरताच गारवा. जहाजातून उतरलेला माल इथे ठेवत. लोकर, कापूस, पिसं, कातडी हा माल सगळ्यात धोक्याचा, कारण त्यात 'विषारी हवा' अडकून राहते अशी समजूत. गासड्या उलगडायच्या, वाऱ्यावर टाकायच्या, उलटायच्या, जुनिपर आणि रोझमेरीचा धूर द्यायचा, रोज. हमालांना उघडे हात खांद्यापर्यंत गासडीत खुपसायला लावत. हमाल आजारी पडला नाही तर माल चांगला! माझ्या धंद्यात याला टेस्ट म्हणतात. फक्त आम्ही माणूस वापरत नाही.

कापसाच्या गासडीतून प्लेगच्या पिसवा प्रवास करू शकतात, हे कळायला आणखी चार-साडेचार शतकं जायची होती. गासडी उघडून आठवडेच्या आठवडे झटकत राहिलं तर पिसवा टिकत नाहीत. दूषित हवा घालवायला केलेल्या खटाटोपात भलताच गुन्हेगार मरत होता.

कोठीच्या भिंतींवर तांबड्या मातीच्या रंगाने लिहिलेला मजकूर आहे. सोळाव्या शतकातल्या व्यापाऱ्यांनी आणि पहारेकऱ्यांनी वेळ घालवायला लिहिलेला: कुठलं जहाज, कुठून आलं, कुणाची खूण. सायप्रस, कॉन्स्टँटिनोपल ही नावं वाटाड्याने बोट ठेवून दाखवली. अक्षर सुरेख आहे, वेळ भरपूर होता हे दिसतं. नखाएवढी एक होडीही कुणी काढली आहे.

अठराव्या शतकात जॉन हॉवर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थाने मुद्दाम संशयित जहाजातून प्रवास करून व्हेनिसमध्ये स्वतःला अडकवून घेतलं, विलगीकरण आतून कसं असतं ते बघायला. तुरुंगांची पाहणी करणारा हा माणूस. त्याला मिळालेल्या खोलीला असह्य घाण वास येत होता. वासातूनच रोग होतो असं तोही मानायचा, म्हणून खटपट करून त्याने भिंतींना ताज्या चुन्याची सफेदी करवून घेतली. चुना जंतू मारतो. त्याला ते ठाऊक नव्हतं, पण आजही साथ आली की आपली ग्रामपंचायत गटाराच्या कडेने पांढरी पावडर टाकते, ती याच विचाराची वंशज.

परतीच्या बोटीची वाट बघताना वाटाड्याने २००६ च्या उत्खननात इथेच मिळालेल्या एका कवटीबद्दल सांगितलं. तोंडात वीट कोंबलेली. पुरलेलं प्रेत कफन चघळतं आणि त्यातून साथ पसरते, अशी समजूत होती, म्हणून वीट. हाही रोगाचा एक सिद्धांतच, फक्त त्यातून पुढे काही निघालं नाही.

रविवार, व्हेनिस

सकाळी सान रोक्को. संत रोक प्लेगपासून राखणारा देव, चित्रांत आणि मूर्तींत तो कायम मांडीवरचं वस्त्र बाजूला करून गाठ दाखवतो. प्लेगची गाठ बहुधा जांघेत येते. चित्रकारांनी लाजेपोटी ती चार बोटं खाली मांडीवर आणून ठेवली. मी हे ताईला सांगत होते तर शेजारची बाई 'शू' म्हणाली.

रिआल्तो पुलाच्या पायथ्याशी एका दुकानावर सोनेरी मुंडकं बाहेर आलेलं दिसतं. हे 'तेस्ता दोरो' नावाच्या जुन्या औषधालयाचं चिन्ह. इथलं थेरियाक युरोपभर जायचं. साठाहून अधिक द्रव्यं, त्यात अफू, दालचिनी, मिरी आणि पाडुआजवळच्या टेकड्यांतून पकडून आणलेल्या घोणसाच्या जातीच्या सापांचं मांस. मूळ पाठ रोमन काळातला, गेलेन या त्याच काळातल्या थोर ग्रीक वैद्याने उचलून धरलेला. विषावर उतारा, आणि प्लेग हेही एक विषच, म्हणून प्लेगवरही उतारा. ताईला हे परकं वाटलं नाही. युनानी हकिमांच्या तिर्याकबद्दल तिने वाचलं होतं.

"साठ द्रव्यांचा काढा काय बरं करणार?" असं मी म्हटलं, आणि अर्थातच च्यवनप्राशावरून ऐकून घेतलं.

थेरियाकने अफूमुळे दुखणं आणि जुलाब थांबले असतील, प्लेग नाही. इंग्लंडमध्ये विल्यम हेबर्डेनने १७४५ मध्ये त्याची जाहीर पिसं काढली. पण ते बनवायची व्हेनिसची रीत बघा: वर्षातून ठरल्या वेळी, रस्त्यावर, अधिकारी आणि वैद्यांच्या देखत, सगळी द्रव्यं आधी मांडून. भेसळ होऊ नये म्हणून. औषध कुचकामी, पण ते पाठात लिहिल्याप्रमाणेच बनलंय याची सरकारी तपासणी चोख. आजच्या औषध निरीक्षकाचं काम त्या फुटपाथवर चालायचं.

दुपारी बोटीने ज्युदेक्का बेटावर रेदेंतोरे चर्चला गेलो. प्रार्थना चालू होती, मागच्या बाकावर बसलो. हेही प्लेगच्या नवसाचंच, पण आधीच्या, १५७५-७७ च्या. आंद्रेआ पाल्लादिओने आखलेलं. आतून पांढरं, साधं, उजेडाने भरलेलं. मला व्हेनिसमधली ही वास्तू सगळ्यात आवडली. आणि ती ज्या साथीनंतर उभी राहिली तिची गोष्ट मला वैद्यकाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी सांगावीशी वाटते.

व्हेनिसमध्ये आरोग्याचं कायमचं खातं होतं. त्यातले अधिकारी डॉक्टर नव्हते, उमराव घराण्यातले कारभारी होते. मेलेल्यांची नोंद ठेवायची, घर बंद करायचं, माणसं बेटावर पाठवायची, हे त्यांचं काम. १५७६ च्या उन्हाळ्यात त्यांनी प्लेग आहे म्हणून कडक बंदोबस्त लावला. व्यापार बसला, लोक चिडले. मग सरकारने पाडुआ विद्यापीठातून दोन नामांकित प्राध्यापक बोलावले, जिरोलामो मेर्कुरियाले आणि जिरोलामो कापोदिव्हाक्का. मेर्कुरियाले म्हणजे साधा माणूस नव्हे. व्यायाम आणि आरोग्यावरचा त्याचा १५६९ चा ग्रंथ युरोपभर गाजलेला.

या पंडितांनी सांगितलं, हा खरा प्लेग नव्हे. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. प्लेग होतो हवा बिघडल्यामुळे. हवा तर सगळेच घेतात. मग श्रीमंत आणि गरीब सारखेच पडायला हवेत. इथे तर दाटीवाटीच्या गरीब वस्तीत माणसं मरताहेत. म्हणजे हवा ठीक आहे, म्हणजे हा प्लेग नाही. तर्कात कुठेही खोट काढता येत नाही! आम्हाला मोकळेपणाने घरोघर जाऊन उपचार करू द्या, असं ते म्हणाले. आरोग्य खात्याने विरोध केला, पण सरकारने प्राध्यापकांचं ऐकलं. ते आणि त्यांचे मदतनीस रोग्यांकडे जाऊ-येऊ लागले. थोड्याच दिवसांत मृत्यूंचा आकडा असा चढला की त्यांना काम सोडावं लागलं. साथ यांनीच पसरवली, असा ठपकाही आला. ऑगस्टमध्ये चित्रकार तिशियन गेला. साथ संपेपर्यंत सुमारे ५०,००० माणसं, शहराचा चौथा हिस्सा तरी, संपली.

मला यात कारकुनांची बाजू घ्यावीशी वाटते. त्यांच्याजवळ सिद्धांत नव्हता, वह्या होत्या. कुठल्या गल्लीत, कुठल्या घरात, आधी कोण, मग कोण. ती वही वाचणाऱ्याला रोग माणसाकडून माणसाकडे जातोय हे दिसत होतं, हवेचं काहीही असो. प्राध्यापकांनी वही बघितली आणि सिद्धांतात बसत नाही म्हणून बाजूला ठेवली. साथरोगशास्त्र, म्हणजे कोविडमध्ये ज्याचे आलेख आपण टीव्हीवर रोज बघितले ते शास्त्र, या असल्या वह्यांतून आलंय. ताईचं म्हणणं वेगळं पडलं: वही ठेवणाऱ्यांनीच माणसांना घरात कोंडून बाहेरून दारं ठोकली होती, त्याचंही बघ. ते खरंच आहे. रात्री जेवताना या विषयावर आम्ही दोघींनी वाद घातला आणि तो मिटला नाही.

सोमवार, पाडुआ

आगगाडीने अर्धा तास. काल ज्या विद्यापीठाला मी नावं ठेवली, त्याच्याच दारात उभी राहिले. पालाझो बो ही विद्यापीठाची जुनी इमारत. जिन्याच्या पायथ्याशी एलेना कोर्नारो पिस्कोपियाचा पुतळा आहे. १६७८ मध्ये तिला इथे तत्त्वज्ञानाची पदवी मिळाली, जगात विद्यापीठाची पदवी घेणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. ताईने तिच्या पायाशी फोटो काढून घेतला, दोन वेळा, पहिल्यात डोळे मिटले म्हणून.

शवविच्छेदनाचं सभागृह १५९५ चं. हिएरोनिमुस फाब्रिचिउसने बांधून घेतलेलं, आणि १८७२ पर्यंत वापरात होतं. बघणाऱ्याला खालून नेतात, जिथे प्रेताचं टेबल असायचं तिथे. मान वर केली की अक्रोडाच्या लाकडाचे लंबगोल कठडे, एकावर एक सहा, वर रुंद होत गेलेले. नरसाळ्याच्या तळाशी उभं राहिल्यासारखं वाटतं. विद्यार्थी बसत नसत, कठड्याला छाती लावून उभे राहत. जागा इतकी अरुंद की भोवळ आलेला मुलगाही खाली पडत नसे, उभाच्या उभा अडकून राही. हिवाळ्यात, मेणबत्त्यांच्या उजेडात चालायचं हे. मी आजवर बरीच शवविच्छेदनं केली आहेत, पण त्या टेबलाच्या जागेवरून वर बघताना पहिल्यांदा प्रेताच्या बाजूने विचार आला.

गेलेनची शिकवण अशी होती: रक्त यकृतात तयार होतं, शरीरभर जातं आणि तिथेच खर्च होतं. रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त या चौघांचा तोल गेला की आजार. वेसालियस इथेच १५३७ पासून शिकवायचा. गेलेनने माणसाऐवजी जनावरं कापली होती आणि त्यामुळे शेकडो ठिकाणी चुकला, हे त्याने १५४३ च्या ग्रंथात चित्रांनिशी दाखवलं. पण रचना चुकली म्हणून चार द्रव कुणी सोडले नाहीत.

फाब्रिचिउसचंच बघा. शिरांमधल्या झडपा त्याने नीट दाखवल्या, १६०३ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. झडपा कशाला, तर रक्त हातापायांकडे भसाभस वाहून जाऊ नये म्हणून बांध, असा त्याचा अर्थ. गेलेनच्या चष्म्यातून दुसरं काही दिसणं शक्य नव्हतं. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे १६०२ मध्ये इथून पदवी घेऊन लंडनला गेला आणि १६२८ मध्ये म्हणाला की झडपा रक्ताला फक्त हृदयाच्या दिशेने जाऊ देतात, म्हणजे रक्त फिरतंय. दंडाला पट्टी बांधून, शिरेवरून बोट फिरवून त्याने ते दाखवलं. रोज सकाळी माझी टेक्निशियन पेशंटच्या दंडाला पट्टी बांधून शीर उठवते, तोच हा प्रयोग.

द्रव जास्त झालं तर रक्त काढा, हा उपचार मात्र हार्वेनंतरही दोनशे वर्षं जोरात चालला, कितीतरी माणसं त्याने मेली. आज लोह साठण्याच्या किंवा तांबड्या पेशी बेसुमार वाढण्याच्या आजारात रक्तपेढीत एक बाटली रक्त काढतातच. ताई म्हणाली, "रक्तमोक्षण म्हण की सरळ." मी म्हटलं नाही.

माझं खरं दैवत पुढच्या शतकातलं: जोव्हान्नी बात्तिस्ता मोर्गान्यी. इथेच दशकानुदशकं शिकवलं आणि १७६१ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, 'रोगांच्या जागा आणि कारणं' या विषयावरचा ग्रंथ छापला. सत्तर पत्रं, सुमारे सातशे रोग्यांच्या कहाण्या: जिवंतपणी काय होत होतं, आणि मेल्यावर आत काय सापडलं. आजार सगळ्या अंगभर वाहणाऱ्या द्रवांत असतो हे त्याने वादात पडून खोडलं नाही, तो फक्त एकेक जागा दाखवत गेला. छाती दुखत होती, हे बघा फुप्फुस. ग्रंथाच्या शेवटी सूच्या आहेत, लक्षणावरून आतली खराबी शोधायची आणि उलटही. माझ्या प्रत्येक रिपोर्टखाली 'क्लिनिकल कोरिलेशन करावे', म्हणजे रोग्याच्या लक्षणांशी ताडून बघावं, अशी ओळ असते. डॉक्टर लोक तिला हसतात, हात झटकायची ओळ म्हणतात. तिचं मूळ इथलं आहे, पुढच्या वेळी सांगेन.

मंगळवार, पाडुआ

आजचा दिवस ताईचा. १५४५ ची वनस्पतिबाग, औषधी झाडं ओळखायला शिकवण्यासाठीच काढलेली. मूळ जागेवर टिकलेली जगातली सगळ्यात जुनी विद्यापीठीय बाग. तेव्हाचे औषधवाले ग्रीक ग्रंथातल्या नावाखाली काय वाटेल ते झाड खपवत. नीट ओळख पटवल्याशिवाय उष्ण-शीत गुणांचा हिशोब जमणार कसा, म्हणून बाग. भोवती गोल भिंत आहे, कारण बाग उघडल्यापासून चोऱ्या सुरू झाल्या. १५८५ मध्ये लावलेलं एक ताडाचं झाड काचेच्या घरात अजून उभं आहे; जर्मन कवी गटेने ते पाहिलं म्हणून त्याच्याच नावाने ओळखतात. ताई वाफ्या-वाफ्यापाशी थांबून पाट्या वाचत होती, मी बाकावर बसून पाय चोळत होते. याच काळात गोव्यात गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य हिंदुस्थानातली औषधं वैद्य-हकिमांना विचारून टिपत होता. त्याचं पुस्तक गोव्यात १५६३ मध्ये छापलं आणि लवकरच लॅटिन होऊन युरोपात पोचलं.

संध्याकाळी पेद्रोक्की कॅफेत पुदिन्याची कॉफी घेतली, ताईला ती आवडली, मला नाही, आणि तिथे सांतोरिओचं चित्र फोनवर काढून बसलो. सांतोरिओ सांतोरिओ १६११ पासून इथे वैद्यकाचा प्राध्यापक. चित्रात तो तराजूच्या दांडीला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवतोय. खुर्चीत बसूनच कामं, झोप, सगळं. खाल्लेलं तोलायचं, शरीराबाहेर टाकलेलं तोलायचं. वर्षानुवर्षं. दिवसाला आठ पौंड खाल्लं-प्यायलं तर सुमारे पाच पौंड न दिसता अंगातून उडून जातात, असा त्याचा १६१४ च्या पुस्तकातला हिशोब.

हा माणूस गेलेनचा पक्का अनुयायी. चार द्रव, चार गुण, सगळं मान्य. त्याचा प्रश्न एवढाच होता की रोगी निरोगी अवस्थेपासून किती ढळला, ते नेमकं किती? त्या 'किती'पायी त्याने उष्णता मोजायच्या नळीवर खुणा केल्या आणि नाडी मोजायला लंबक वापरला. ज्या तोलासाठी हे केलं तो तोल गेला, थर्मामीटर राहिला. अतिदक्षता विभागात नर्स आत-बाहेरचा तक्ता भरते तेव्हा कातडीतून आणि श्वासातून जाणारं पाऊण लिटरच्या आसपासचं पाणी धरावंच लागतं. तो रकाना सांतोरिओचा.

"चरकात रक्त आठ अंजली सांगितलंय," ताई म्हणाली. "आणि अंजली ज्याची त्याची. लहान मुलाची लहान."

ही गोष्ट मला सांतोरिओपेक्षा शहाणपणाची वाटली. मुलांचे डोस आम्हीही अंगाच्या मापानेच काढतो.

बुधवार, व्हेरोना

ज्युलिएटच्या बाल्कनीखाली शेपटासारखी रांग होती, ती बघून पुढे निघालो. आमचा माणूस पियाझ्झा देई सिन्योरीत एका कमानीवर उभा आहे: जिरोलामो फ्राकास्तोरो, हातात दगडी गोल. खालून पहिला प्रामाणिक माणूस जाईल त्याच्या डोक्यावर तो पडणार, अशी गावात दंतकथा. पुतळा १५५९ चा, गोल अजून वर आहे. ताई खालून दोनदा गेली.

फ्राकास्तोरो कवी आणि वैद्य. १५३० मध्ये त्याने लॅटिन काव्य लिहिलं, त्यात सूर्यदेवाच्या कोपाने सिफिलस नावाच्या मेंढपाळाला गुप्तरोग होतो. इटालियन त्या रोगाला फ्रेंच म्हणायचे, फ्रेंच नापोलीचा म्हणायचे. आपल्याकडे भावप्रकाशात तो फिरंग रोग म्हणून येतो, पाऱ्याच्या औषधासकट. या बाबतीत सगळ्यांचं एकमत: रोग शेजाऱ्याचा.

१५४६ च्या ग्रंथात तो म्हणतो की संसर्ग अतिसूक्ष्म बीजांनी होतो, आणि तीन वाटांनी: थेट स्पर्शाने, कपड्यालत्त्यातून, आणि अंतरावरून. आमच्याकडच्या आयसोलेशन खोलीच्या दारावर आजही जवळपास याच तीन पाट्या असतात, आणि वस्तूंसाठी त्याने वापरलेला फोमाइट हा शब्द संसर्ग-नियंत्रणाच्या बैठकीत अजून बोलला जातो. म्हणून त्याला जंतुशास्त्राचा आजोबा ठरवायचा मोह होतो. तो आवरावा. त्याची बीजं सजीव नाहीत. बिघडलेल्या द्रवांतूनही ती उपजू शकतात, आणि मूळ बिघाड ग्रहांच्या युतीने होतो. लेव्हेनहूकने १६७६ मध्ये भिंगाखाली जिवाणू बघितले तरी ते आणि ही बीजं यांची गाठ घालायला कुणी धावलं नाही. कॉखने अँथ्रॅक्सचा जंतू सिद्ध केला तो १८७६ मध्ये. मधली तीनशे तीस वर्षं संसर्ग आणि दूषित हवा या दोन पक्षांचं भांडण चाललं, आणि मजा अशी की गटारं, पाणीपुरवठा, हवेशीर वॉर्ड ही कामं जास्त करून हवावाल्यांनी केली.

गुरुवार, पुन्हा व्हेनिस

विमान रात्रीचं, सामान स्टेशनवर ठेवून भटकलो. १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये याच शहरात आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली होती, आणि विषय होता मुंबईचा प्लेग. मांडवीत १८९६ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला होता. मुंबईची जहाजं, मुंबईचे हज यात्रेकरू, सुवेझमार्गे युरोपात काय येणार, या धास्तीने सगळे देश इथे जमले. येर्सिनने १८९४ मध्ये प्लेगचा जंतू शोधला होता, तरी चर्चा होती कापडचोपड, गासड्या, जहाजं किती दिवस अडवायची याची. म्हणजे फ्राकास्तोरो आणि आपलं ते शनिवारचं बेट. १९ मार्चला करार झाला.

ताईने फोनवर तारीख बघितली. "सावित्रीबाई गेल्या त्या १० मार्चला." मुंढव्याहून प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात गेल्या, त्यातच त्यांना लागण झाली. परिषद तेव्हा चालू होती. पुण्यात रँडच्या सोल्जरांच्या झडत्या त्याच महिन्यात सुरू झाल्या. पिसवांची गोष्ट पॉल-लुई सिमाँने १८९८ मध्ये मांडली, आणि ती सगळ्यांना पटायला परळमधल्या प्रयोगांची वाट बघावी लागली.

त्याच १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. कोंदट वस्त्यांत समुद्राचा वारा शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते पाडले. प्लेगवर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य; उलट घरं पाडलेली गरीब माणसं दुसऱ्या चाळींत आणखी दाटीने राहायला गेली. पण क्षयाला मोकळी हवा खरोखरच आवडत नाही. मी ताईला गोवंडीच्या पुनर्वसन इमारतींवर झालेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं: दोन इमारतींमध्ये अगदीच कमी अंतर, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि तिथेच क्षयाचे रोगी जास्त.

"त्या कधी बांधल्या?"

"याच शतकात."

"मग नकाशे पास कुणी केले?" ताईने विचारलं.